पेडगावला पंख्याखाली कुणी बसत नाही

परभणीला मी नमुना म्हणून गेले. लोक देवदर्शनाला जातात, लग्नकार्याला जातात, निवृत्तीनंतर हातात वेळ आला म्हणून डोंगरदऱ्या बघायला जातात. मला आमंत्रण होतं ते माझ्या डाव्या डोळ्यासाठी. बाकीची मी त्याला सोबत म्हणून गेले, असं म्हटलं तरी चालेल.

या डोळ्यात एक नळी आहे. मला काचबिंदू आहे आणि माझा काचबिंदू माझ्यासारखाच हट्टी निघाला. डोळ्याच्या आत सतत थोडं पाणी तयार होत असतं आणि आतल्या आत त्याचा निचरा होत असतो. रडण्याचं पाणी ते वेगळं, हे वेगळं. माझ्या डोळ्याची मोरी तुंबली. पाणी साचलं, दाब वाढला आणि त्या दाबाखाली डोळ्यामागची नस वाळत चालली. थेंब झाले, गोळ्या झाल्या, एक शस्त्रक्रियाही झाली, पण तिने काढून दिलेली वाट वर्षभरात बुजली. मग डॉक्टर म्हणाल्या, आता नळी बसवू. तेव्हा ती परदेशातून यायची. तिची किंमत ऐकून मी, म्हणजे चिपळूणच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली निवृत्त ऑपरेटर, चपला घालून सरळ बाहेर पडले. उरलेली नजर पुरवून पुरवून वापरू, असं ठरवून टाकलं होतं. पुढे तसलीच नळी आपल्या देशात बनायला लागली आणि माझ्यासारखीच्या आवाक्यात आली. वरच्या पापणीआड, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी मऊ चकती आणि तिला जोडलेली शेवईहून बारीक नळी. आतलं पाणी नळीतून चकतीपाशी येतं आणि तिथे जिरतं. बस, एवढंच यंत्र.

ती बसवणाऱ्या डॉ. मीनल पुण्याच्या, पण माहेर परभणीचं. दर दोन-तीन महिन्यांनी त्या तिकडे जाऊन एका मित्राच्या दवाखान्यात पेशंट तपासतात, शस्त्रक्रियाही करतात. भाद्रपद लागता लागता त्यांचा फोन आला.

"काकू, माझ्याबरोबर चला. पेडगावच्या एक सुलोचनाताई आहेत. एक डोळा गेलाय, दुसऱ्याचा दाब थेंबांना जुमानत नाही. नळी बसवली नाही तर तोही जाईल. पण त्या ऐकत नाहीत. मी बोलले की डॉक्टर बोलते. तुम्ही नुसती पापणी वर करून दाखवा."

"आणि लोकांनी तिकीट काढायचं का?" मी विचारलं. पण मनातून मला बरं वाटलं होतं. डोळा बिघडल्यापासून मला कुणी कशासाठी बोलावलंच नव्हतं.

परभणी, ताडकळस

गाडीतल्या रात्रीबद्दल काही सांगण्यासारखं नाही. सकाळी परभणीला उतरल्यावर पहिली गंमत म्हणजे डॉक्टरांची भाषा बदलली. पुण्यात शुद्ध बोलणारी ही बाई रिक्षावाल्याला म्हणाली, "कामून एवढे सांगायलाव? आमी काय नवे हाव का हितं?" आणि रिक्षावाला हसून कमी पैशांत यायला तयार झाला.

मी कोकणातली. माझ्या डोळ्यांना चढउतार लागतात, मध्ये कुठेतरी पाणी लागतं. इथे जमीन काळी आणि सपाट, जिथवर बघावं तिथवर सोयाबीन आणि कापूस. आमच्याकडे घरं एकमेकांकडे पाठ करून झाडांत लपतात. इथे ती एकमेकांना टेकून उभी असतात. मला बाजूचं फारसं दिसत नाही, फक्त समोरचं दिसतं, त्यामुळे एवढं मोठं आभाळ मला तुकड्यातुकड्याने, मान फिरवून बघावं लागलं. तरी संपेना.

दुसऱ्या दिवशी ताडकळसला गेलो. तिथल्या एका शाळेत डॉक्टरांनी तपासणी ठेवली होती आणि बाहेर आठवडी बाजार भरला होता. माझ्या चपलेने त्या काळ्या मातीत पाय रोवला तो रोवलाच. मी पुढे, चप्पल मागे. भाजीवालीने ती उपटून दिली आणि पाण्याने धुऊनही दिली, वर म्हणाली, "आमची माती पाव्हण्याला लवकर सोडत न्हाई, माय." तिच्याकडून मी मुगाच्या ओल्या शेंगा घेतल्या आणि शाळेच्या ओट्यावर बसून, येईल त्याला पापणी वर करून दाखवत, त्या संपवल्या.

तिथे मला एक गोष्ट कळली. निम्मी माणसं काचबिंदू पिकायची वाट बघत होती. मोतीबिंदूचं त्यांना ठाऊक आहे. पूर्वी तो पिकू द्यायचे आणि मग काढायचे; दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली की लख्ख. शेतकरी माणसाला हा हिशेब पटतो. पिकल्याशिवाय काय काढायचं? पण काचबिंदू पिकत नाही आणि निघतही नाही. तो गुपचूप कडेने खात येतो, आणि खाल्लेलं परत देत नाही. डॉक्टर हे दिवसभर सांगत होत्या. एक आजोबा सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "बरं बरं. मग पिकल्यावर येतो." डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

मला त्या आजोबांचं हसू आलं आणि दुसऱ्या क्षणी ते विरलं. मीही काही वर्षं नळीच्या किमतीपायी अशीच नुसती बसून राहिले होते.

पेडगाव

सुलोचनाताईंचं घर पेडगावात विहाराला लागून. पन्नाशी ओलांडलेल्या, ताठ बसणाऱ्या, आवाज खणखणीत. त्यांचे यजमान मधुकर गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. "जयभीम, या" म्हणून त्यांनी आम्हाला आत घेतलं. आमच्याकडे पाहुण्याला पाणी आणि गूळ देतात. इथे पाणी, मग चहा, मग 'चहा घेतला का' असं विचारून पुन्हा चहा. त्यानंतर ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि असा ठेचा की माझ्या दोन्ही डोळ्यांचा निचरा एकदम सुरू झाला. मी भात शोधत होते. तो शेवटी आला, हातावर प्रसाद ठेवावा इतका.

जेवणं झाल्यावर डॉक्टरांनी विषय काढला. सुलोचनाताईंनी तो हातानेच थांबवला.

"डॉक्टरबाई, तुमी लय मायेनं येता. पण माझा उजवा डोळा ऑपरेशन करूनच गेला. आता डावा कामून देऊ?"

"ताई, तो ऑपरेशननं नाही गेला. तुम्ही पिकायची वाट बघत राहिलात. आलात तेव्हा नस वाळून गेली होती."

"आसंल. पण मला वाचता येतंय की. वर्षावासात, ह्या पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, रोज संध्याकाळी मीच ग्रंथ वाचते विहारात. बारीक अक्षर वाचते. वाचणाऱ्या बाईला आंधळी म्हणायलात तुमी?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. नमुन्याची वेळ झाली होती. मी खाली बघत पापणी वर उचलली. गुरुजींनी बॅटरी धरली, सुलोचनाताईंनी अगदी जवळ येऊन चकतीचा उंचवटा पाहिला. मग एकच प्रश्न विचारला.

"ह्याच्यानं तुमाला आधीपेक्षा जास्त दिसायलंय?"

माझ्या तोंडात 'हो' तयार होतं. कोण विचारणार होतं मला? एका शब्दाने त्या बाईचा डोळा वाचला असता. पण खोटं बोलले असते तर पट्टी सुटल्यावर त्यांनी काय समजायचं होतं?

"नाही," मी म्हणाले. "आधी होतं तेवढंच. कधीकधी थोडं कमीच वाटतं."

"मग?" त्या उठल्या आणि भांडी उचलायला लागल्या. डाव्या हाताशी ठेवलेला तांब्या त्यांना दिसला नाही. तो लवंडला, आणि गुरुजींनी तो उचलून त्यांच्या समोर ठेवला.

घराबाहेर डॉक्टर माझ्यावर रागावल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, "बाजूची नजर मोजायचं मशीन असतं. त्यात ठिपके दिसले की बटण दाबायचं. त्यांना बरेच ठिपके दिसले नाहीत, तर म्हणतात मला डुलकी लागली होती." जाता जाता सुलोचनाताईंनी आम्हाला संध्याकाळच्या वाचनाचं आमंत्रण दिलं होतं. आम्ही थांबलो.

विहारात

विहार म्हणजे एक लांबरुंद, स्वच्छ दिवाणखाना. समोर बुद्धांची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या. दोन्ही भिंतींना पंखे फिरत होते. भाद्रपदातला तो घामट उकाडा. बाहेर पानही हलत नव्हतं. बायका पांढऱ्या लुगड्यांत आल्या, वाकून नमस्कार केला आणि बसल्या. बसल्या त्या अशा की मी बघतच राहिले. दिवाणखान्याच्या बरोबर मधोमध, एकीच्या पाठीशी एक, दाटीवाटीने, पार दारापर्यंत. दोन्ही अंगांना पंख्याखाली चटया अंथरलेल्या होत्या आणि तिथे चिटपाखरू नव्हतं.

मला वाटलं, इथली पद्धत असेल. परक्या ठिकाणी मी निदान पहिल्या दिवशी तरी नावं ठेवत नाही. त्रिशरण, पंचशील म्हणून झालं आणि सुलोचनाताई वाचायला लागल्या. काय वाचत होती ती बाई! मी उभा जन्म आवाज ऐकण्यात घालवला आहे. कुणाचं खरं, कुणाचं पाठ केलेलं, हे मला तारेवरून कळायचं. हा आवाज अर्थाचा हात धरून बोलत होता. परिच्छेद संपला की त्या मान वर करत, समोरच्या रांगेवरून नजर नेत आणि समाधानाने पुढे वाचत.

आणि मग माझ्या लक्षात आलं. चिपळूणला माझ्या घरात माझा चहाचा कप नेहमी बरोबर माझ्या समोर येतो. कडेला कधीच नाही. कुणी मला हे सांगितलेलं नाही, कुणी ठरवून बैठक घेतलेली नाही. मी दोनदा कप उलथल्यानंतर तो आपोआप मधे आला आणि मी बरेच दिवस समजत होते की माझं आता उलथणं बंद झालं.

वाचनानंतर मी माझ्यापुढे बसलेल्या म्हाताऱ्या गयाबाईंना बाजूला घेतलं. बायकांमधल्या त्या सगळ्यात मोठ्या, त्यांचा शब्द चालत होता.

"पंख्याखाली का बसत नाही तुम्ही?"

त्यांनी आधी सुलोचनाताई लांब आहेत ना ते पाहिलं. "तिला तिकडलं दिसत न्हाई, माय. गेल्या वर्षावासात एक दिस मान वर करून म्हणली, बाया येईनात, चार जणींसाठी काय वाचू, बंद करते. आन् सगळ्या होतो की आमी! दोन्ही भिंतींना बसलेलो. तिचं तोंड बघवंना. मग दुसऱ्या दिशी सरकलो मधी. झालं."

"आणि मग सगळ्या दिसायला लागल्या."

"दिसायला लागल्या. लय खूष झाली." गयाबाईंनी पदराने गळ्याचा घाम पुसला. "यंदा रांग आणखी बारीक करावी लागायलीय."

इतकी माया मी कुठे पाहिली नव्हती आणि तिची इतकी भीतीही मला कधी वाटली नव्हती. मी जरा चिडूनच म्हणाले, "गयाबाई, तुम्ही तिला सांभाळताय की तिच्या आजाराला? तिला वाटतंय की सगळं आहे तसंच आहे. म्हणून ती डॉक्टरांना परत पाठवतेय. उद्या पंख्याखाली बसा."

"तिचं मन मोडंल."

"मोडेल. पण ही रांग आणखी बारीक होऊन एकच बाई उरेल, आणि एक दिवस तीही दिसायची नाही."

त्या चपला घालून निघून गेल्या. मी डॉक्टरांना हे सांगितलं. "माझ्या मशीनला जमलं नाही ते या बायकांनी मोजून ठेवलंय," त्या म्हणाल्या. आम्ही मुक्काम एक दिवस वाढवला.

दुसऱ्या संध्याकाळी विहारात बायका आल्या आणि दाराशीच घुटमळल्या. कुणाचा पाय निघेना. सुलोचनाताई मूर्तीपुढे मेणबत्ती लावत होत्या, त्यांची पाठ होती. गयाबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आशीर्वाद नव्हता, रागच होता. मग त्या सावकाश चालत गेल्या आणि डाव्या भिंतीशी, पंख्याखाली बसल्या. त्यांच्यामागून एक, मग दुसरी उजवीकडे. थोड्या वेळात दोन्ही चटया भरल्या आणि मधली जागा मोकळी राहिली.

सुलोचनाताई बसल्या, चष्मा लावला, वाचायला सुरुवात केली. परिच्छेद संपला. त्यांनी मान वर केली.

तो चेहरा मी विसरणार नाही. आधी त्यांनी डोळे बारीक केले. मग दाराकडे पाहिलं.

"गेल्या व्हय सगळ्या?" त्या हळूच म्हणाल्या. "मी एकलीच वाचायले का?"

शेवटी डावीकडून गयाबाईंचा आवाज आला. "हाय की माय. हितंच हाय मी."

सुलोचनाताईंनी मान फिरवली, आणखी फिरवली, आणि त्यांना गयाबाई सापडल्या. उजवीकडून कुणीतरी म्हणालं, "मी बी हाय." त्यांनी तिकडे मान नेली. मग ही बोलली, मग ती बोलली. त्या आवाजामागून आवाज शोधत राहिल्या. सगळ्या बायका तिथे होत्या, हाताच्या अंतरावर होत्या आणि त्यांच्यासाठी दिवाणखाना रिकामा होता.

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "कधीपासून माझ्यासाठी मधी बसायल्यात?"

"गेल्या वर्षावासापासून," गयाबाई म्हणाल्या.

"आन् मला येडीला सांगितलं न्हाई कुणी?" आवाज फाटला. "रोज मोजत व्हते मी तुमाला. रोज खूष व्हत व्हते."

मागे गुरुजी रडत होते. मला तिथून पळून जावंसं वाटलं. हे सगळं मी घडवून आणलं होतं, आणि बरोबर केलं की चूक, हे त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सुलोचनाताईंनी नाक पुसलं, चष्मा लावला आणि उरलेला अध्याय वाचून पुरा केला. एकदाही मान वर केली नाही. मग तडक घरी गेल्या.

सकाळी आमची गाडी निघताना त्या आल्या. रात्रभर झोपल्या नसाव्यात. माझ्या बाजूचं दार उघडून म्हणाल्या, "ती नळी दावा बरं परत."

मी खाली बघत पापणी उचलली. त्यांनी या वेळी खूप वेळ पाहिलं.

"गेलेलं न्हाई येत म्हणता."

"नाही येत."

"मग हायत तेवढ्या बाया तरी ऱ्हातील?"

उत्तर डॉक्टरांनी दिलं. "त्या राहाव्यात म्हणूनच ही नळी आहे, ताई. खात्री देत नाही. थेंबही कदाचित चालू ठेवावे लागतील, तपासायलाही यावं लागेल. पण मी माझं सगळं लावीन."

"बरं," सुलोचनाताई म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. नुसत्या तशाच, अंगावरच्या लुगड्यानिशी. गुरुजी पिशवी भरायला घरात धावले.

चिपळूण

शस्त्रक्रिया परभणीतच झाली. मधल्या काळात विहारातलं वाचन गुरुजींनी केलं आणि ते शाळेत शिकवल्यासारखं वाचतात, अशी बायकांची तक्रार होती, हे मला फोनवर कळत होतं. आतलं पाणी एकदम निघून जाऊ नये म्हणून सुरुवातीला नळी एका विरघळणाऱ्या दोऱ्याने बांधलेली असते. तो सुटेपर्यंत जीव टांगणीला लागतो. माझाही लागला होता, आता त्यांच्यासाठी लागला.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्या संध्याकाळी माझा फोन वाजला.

"ताई, दोरा सुटला म्हणल्या डॉक्टरबाई. दाब उतरलाय."

"आणि दिसतं कसं?"

"तेवढंच," सुलोचनाताई म्हणाल्या. "व्हतं तेवढंच हाय. जरासक बी कमी न्हाई." 'तेवढंच' हा शब्द इतक्या आनंदाने उच्चारलेला मी कधी ऐकला नव्हता. "आज शेवटचं पान मीच वाचायले. फोन चालू ठेवते, तुमी ऐका."

त्यांनी फोन खाली ठेवला. चटयांची सळसळ ऐकू आली, पंख्यांची घरघर ऐकू आली. त्या वाचायला लागण्याआधी एक-एक नाव घेत होत्या आणि प्रत्येक नावानंतर जरा थांबत होत्या. मान फिरवायला लागतो तेवढा वेळ. 'हाय' असं एक उत्तर फोनच्या अगदी जवळून आलं. पुढचं पार लांबून, पलीकडच्या भिंतीकडून. मग पुन्हा जवळून, मग दारातून. मी कान लावून बसले होते. दिवाणखाना दोन्ही अंगांनी भरलेला होता.